सिस्टर जळगाव

माझ्या घरात कोणीतरी जिवानिशी जातंय असं समजून बिऱ्हाडे सिस्टर पहिल्यांदा जिना चढून वर आल्या. एका हातात बीपीचं मशीन, दुसऱ्या हातात ग्लुकोजचा डबा. जळगावला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले त्याला पंधरवडाही झाला नव्हता. मी दार उघडलं तशी मला बाजूला सारून त्या सरळ आत शिरल्या आणि टीव्हीसमोर थबकल्या. पडद्यावर एक म्हातारा राजा पोटात भाला घेऊन पडला होता आणि जिवाच्या आकांताने विव्हळत होता.

"हा ओरडत होता?"

"हो. मालिका आहे. आवाज जरा मोठा झाला."

सिस्टरांनी चष्मा वर सरकवला आणि वाकून राजाकडे पाहिलं. मग मशीन टीपॉयवर ठेवून खुर्चीत बसल्या. "हा काही मरत नाही."

"अहो, भाला आरपार गेलाय."

"जाऊ दे. ओरडतोय बघ किती. मरणारा माणूस ओरडत नाही गं. तो पाणी मागतो. नाहीतर आईला हाक मारतो. वॉर्डात आम्हाला गप्प झालेल्याची भीती वाटायची, ओरडणाऱ्याची कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या खालच्या ओट्यावर वाट बघत होत्या. "कसा आहे तो?" त्यांनी विचारलं. कोणाबद्दल विचारतायत हे कळायला मला एक क्षण लागला. राजा उठून पेज पीत होता, असं मी सांगितलं. सिस्टरांनी मान हलवली, राउंड संपवून पुढच्या खाटेकडे निघाल्यासारखी, आणि माझ्या मागोमाग जिना चढल्या. त्या दिवसापासून संध्याकाळी माझ्याकडची खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली.

मालिकेचं नाव 'मिठागड'. मूळ इंग्रजी, पण आम्ही हिंदीत आवाज घातलेली बघायचो. समुद्रकाठी मिठाच्या विटांचा किल्ला. पाऊस पडला तर तो विरघळणार, म्हणून तिथल्या राजघराण्याने मंत्राने पाऊस कोंडून ठेवलेला आणि त्यापायी सगळा मुलूख तहानेने तडफडतोय. म्हाताऱ्या राजाची मुलगी इल्वा पुढे राणी होते. तिचा धाकटा भाऊ दरिन पावसाचा मंत्र सोडवायला राखेच्या वाळवंटात जातो, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा घोडा एकटाच परत येतो. खोगीर रिकामं. तिथे तो सीझन संपला आणि जगभर एकच वाद सुरू झाला: दरिन जिवंत आहे की मेला?

सिस्टरांना त्यात वादाचं काहीच दिसेना. "प्रेत कुठाय?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरने तपासल्याशिवाय आपल्याकडे कोणी मरत नाही."

हे त्यांचं जुनं वाक्य होतं. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं त्यांनी काढली होती, आणि ते वाक्य निवृत्तीनंतरही त्यांना सुटलं नव्हतं. गल्लीत कोणी "अमक्याचा धंदा मेला" म्हटलं तरी त्या विचारायच्या, "तपासलं कोणी?" भाजीवालीशी घासाघीस करता करता तिची नखं बघून "लोहाच्या गोळ्या खातेस की फेकतेस?" म्हणून तिला झापायच्या. दिवाळीच्या आसपास मोतीराम पावरा नावाचा सातपुड्याच्या पायथ्याचा एक माणूस त्यांच्याकडे चारोळी घेऊन यायचा. तरुणपणी साप चावला म्हणून त्याला बैलगाडीतून आणलं तेव्हा घरच्यांनी रडून घेतलं होतं, आणि नकारार्थी मान हलवून डॉक्टरही मागे सरले होते. सिस्टरांनी मात्र हाताने दाबायच्या फुग्याने श्वास देणं थांबवलं नाही. हात भरून आले तेव्हा दुसऱ्या सिस्टरला बसवलं, पुन्हा स्वतः बसल्या. मोतीराम जगला. तो ओट्यावर उकिडवा बसून चहा प्यायचा, आणि तो गेल्यावर सिस्टर नेहमी तेच म्हणायच्या, "लोकांना रडायची फार घाई असते."

तिसऱ्या-चौथ्या सीझनला शत्रूच्या छावणीत एक मुखवटा घातलेला वैद्य आला. एकही शब्द न बोलणारा. सिस्टरांनी त्याला पाहिलं मात्र, आणि खुर्चीत पुढे सरकल्या. "मागे घे. पुन्हा दाखव. हात वर करताना बघ, डावा खांदा आधी उचलतो. लहानपणी निखळून नीट न बसवलेला खांदा आहे हा. दरिन घोड्यावरून पडला होता ना पहिल्या भागात? हाच तो!"

मी त्यांना सांगितलं की असले अंदाज लोक इंटरनेटवर मांडतात, आणि इंदूरच्या एका तरुणाचा चॅनल दाखवला. तो दर आठवड्याला 'मिठागड'वर तासभर बोलायचा. त्याचं म्हणणं, मुखवट्याआड म्हातारा राजाच आहे. सिस्टरांनी माझ्या फोनवरून, एकेक अक्षर शोधत, खाली लिहिलं: "बेटा, राजाची कंबर गेलेली आहे. हा माणूस ताठ चालतो. खांदा बघ. – सिस्टर, जळगाव."

त्या एका ओळीने त्या प्रसिद्ध झाल्या. पुढच्या व्हिडिओत त्या तरुणाने "सिस्टर जलगाँव" म्हणून त्यांचं नाव घेतलं. मग कानपूर, रायपूर, कुठून कुठून लोक विचारू लागले: सिस्टर, सेनापति बचेगा क्या? सिस्टर, रानी को कौन सा ज़हर दिया है? सिस्टर सगळ्यांना उत्तर द्यायच्या. खरं सांगायचं तर त्यांचे अंदाज बहुतेक चुकायचे. सेनापती वाचणार म्हणाल्या, तो पुढच्याच भागात गेला, आणि राणीच्या विषाला त्यांनी कावीळ ठरवलं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "पेशंट दाखल झाला की वाचणार असंच धरून चालायचं असतं," त्या म्हणायच्या. "चुकलं तर चुकलं."

शेवटचा सीझन येणार अशी घोषणा झाली आणि अंदाजांना ऊत आला. त्याच सुमारास एका संध्याकाळी सिस्टरांच्या एका मोठ्या मजकुराखाली कोणीतरी मराठीत लिहिलं: "दरिन मेला आहे. घोडा रिकामा आला तेव्हाच मेला. तुम्ही उगाच लोकांना आशा लावू नका."

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"कुसुम आहे ही," त्या म्हणाल्या.

"कोण कुसुम?"

"माझी बहीण. धुळ्याची."

बहीण आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते फार थोडक्यात, सुई टोचताना पेशंटशी बोलावं तसं, दुसरीकडे बघत. गाव पिंपळनेरच्या बाजूचं. दोघी बहिणी आणि सगळ्यात धाकटा मिलिंद. सुमन, म्हणजे या, नर्स झाल्या. कुसुम शिक्षिका झाली. मिलिंदचं शिक्षणात लक्ष लागलं नाही, तो कापडाच्या कारखान्यात काम करायला सुरतला गेला. पहिलं वर्ष पत्रं आली, मग बंद झाली. वडील दोनदा सुरतला जाऊन आले. कारखान्यातले म्हणाले, काम सोडून गेला, कुठे ते ठाऊक नाही. ना निरोप, ना बातमी. वडील त्या धसक्यातच गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी आई गेली, तेव्हा धुळ्याला कुसुमच्या घरी तिचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. सिस्टर जळगावहून पोचल्या तर आईच्या फोटोशेजारी मिलिंदचा फोटो मांडलेला, आणि त्यालाही हार घातलेला.

"मी तो हार सगळ्यांसमोर काढला. म्हटलं, तपासलंय कोणी? तर कुसुम म्हणाली, अक्का, आई मरेपर्यंत दाराकडे बघत होती, ते तुझ्यामुळे. तू उगाच लोकांना आशा लावतेस." सिस्टरांनी फोन मला परत दिला. "मी निघून आले. तिने हार पुन्हा घातला असणार. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नाही."

मला वाटलं, आता त्या लिहिणं बंद करतील. पण दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या त्या पदर खोचूनच. "लिही," मला म्हणाल्या, आणि अहिराणीत सांगितलं, "तो मरेल नही शे. तुले काय ठाव?"

धुळ्याहून ताबडतोब उत्तर आलं: "माले बठ्ठं ठाव शे. घोडा एकलाच कसा उना मंग?" सगळं ठाऊक आहे म्हणे, नाहीतर घोडा एकटाच कसा आला.

पुढचे काही आठवडे त्या इंदूरवाल्याच्या व्हिडिओखाली दोन बहिणींचं भांडण अहिराणीत चालू राहिलं. घोडा पाण्यासाठी परतला असेल, माणूस कसा येणार. माणूस असता तर निरोप धाडला असता. निरोप धाडायला तोंड नसेल, लाज वाटत असेल. बहिणीची कसली लाज? देशभरातले लोक कळवळून लिहायचे, "दीदी लोग, हिंदी में बताओ ना!" मला मात्र भाषांतर करावंसं कधी वाटलं नाही.

मग एक दिवस फोनच वाजला. सिस्टर बराच वेळ नुसता कानाला लावून उभ्या होत्या. तिकडून कुसुममावशी म्हणाल्या असाव्यात की टाइप करून बोटं दुखली, कारण सिस्टर एवढंच बोलल्या, "मग मीठ टाकलेल्या कोमट पाण्यात बुडव," आणि खाली बसल्या. त्यानंतर फोन रोजचा झाला. मिलिंदचं नाव दोघींनी कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. बोलणं दरिनचंच. जेवला असेल का, इतकी वर्षं कोणाकडे राहिला असेल, लग्न केलं असेल का. मालिकेत जे कधी दाखवणार नव्हते तेही त्या बोलायच्या. पुढे कुसुममावशींच्या मुलाकडून मला कळलं की त्यांना असल्या मालिकांचा मुळीच नाद नव्हता. आपली मावशी, म्हणजे सिस्टर, प्रसिद्ध झाली म्हणून त्याने आईला गंमत दाखवली, आणि अक्काला उत्तर द्यायचं तर माहिती हवी म्हणून त्यांनी मागचे सगळे सीझन स्वयंपाकघरात बसून, चष्मा पुसत पुसत पाहून काढले.

शेवटचा भाग आपल्याकडे सकाळी आला. मी रजा टाकली. सिस्टर न्हाऊन, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून वर आल्या, जणू ड्युटीच होती. फोन स्पीकरवर ठेवला. दोघींनी एकाच वेळी सुरू करायचं ठरलं होतं. "तीन म्हटलं की दाब," धुळ्याहून आवाज आला. पण धुळ्याचं नेट आमच्यापेक्षा जरा पुढे धावत होतं. मालिकेतलं दार तिकडे आधी वाजायचं, मग आमच्याकडे.

राणी इल्वाने अखेर पाऊस मोकळा केला. मिठाचा किल्ला विरघळू लागला, बुरूज कलले, माणसं हसत-रडत भिजायला बाहेर धावली. मुखवट्याच्या वैद्याने मुखवटा काढला. तो दरिन नव्हता. कोणी परकाच होता. मग उत्तरेची भिंत ढासळताना दिसली आणि तेवढ्यात फोनमधून कुसुममावशींचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "डोळे मिट. नको पाहू."

सिस्टरांनी डोळे मिटले नाहीत. भिंतीतून मीठ वाहून गेलं आणि आत दरिन होता. वाळवंटातून तो केव्हाच परतला होता आणि वेशीवर त्याला गुपचूप मारून भिंतीत चिणलं होतं. मिठामुळे चेहरा जसाच्या तसा. राणीने त्याच्या गालावरचं पाणी पुसलं.

सिस्टर पडद्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, फोन बंद केला, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या. मी मागून गेले तर म्हणाल्या, "मला जरा पडू दे." दुपारी मी भाकरी आणि शेवभाजी घेऊन गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वॉर्डातल्या गप्प पेशंटांबद्दलचं त्यांचं बोलणं मला आठवलं; त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीनच्या सुमारास फाटक वाजलं. ठेंगणीशी, सिस्टरांचंच नाक असलेली एक बाई हातात कापडी पिशवी घेऊन उभी होती. पारोळा-एरंडोल करत येणाऱ्या एसटीत उभ्याने आल्या असाव्यात. साडीला चुण्या पडल्या होत्या. मला काही न विचारता त्यांनी खालच्या दारावर थाप मारली.

"अक्का, मी उनू. दार उघाड."

"उघडंच शे," आतून आवाज आला.

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. मधलं दार नव्हतं, नुसता पडदा होता. पुढचं त्या अहिराणीतच बोलल्या. मी माझ्या मराठीत सांगते. पिशवीतून डबे काढल्याचा आवाज आला. मग कुसुममावशी म्हणाल्या, "मला नाही तो दरिन वाटला."

"चेहरा त्याचाच होता."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? एवढी वर्षं मिठात. कोणाचाही चेहरा तसा होईल. आणि खांदा कुठे दाखवला त्यांनी? तूच सांगायचीस ना खांदा बघा म्हणून?"

"कुसुम," सिस्टर म्हणाल्या, "तू तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतीस, तो मेला."

"म्हणत होते."

"मग आता?"

"चुकले असेन. लिहिणाऱ्यांनाही कुठे सगळं कळतं?"

चहा उतू जायला आला होता, मी गॅस बारीक केला.

"हार काढलाय मी," कुसुममावशी म्हणाल्या. "सकाळी निघायच्या आधी. फोटो आतल्या खोलीत लावला, पोरांच्या फोटोंत."

त्यावर सिस्टर रडल्या. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता, बाजूच्या घरातल्या बाई खिडकीत येईपर्यंत. आणि रडता रडताच म्हणत होत्या, "नको गं काढू. तुझं बरोबर असेल. आई बिचारी दाराकडे बघत बघत गेली. तुझं बरोबर असेल, कुसुम."

"असू दे. तपासलंय कोणी?" कुसुममावशी म्हणाल्या.

मी चहाचे कप घेऊन आत गेले तेव्हा दोघी एकाच पलंगावर, पाय वर घेऊन बसल्या होत्या. सिस्टरांच्या हातात बहिणीचं मनगट होतं, आणि सवयीने त्यांची बोटं नाडीवर गेली होती. "धापा टाकत आलीस," त्या म्हणाल्या. "जिभेखाली ठेवायची गोळी जवळ ठेवतेस का नाही?"

कुसुममावशी त्या खेपेला आठवडाभर राहिल्या, आणि परत जाताना सिस्टरांना घेऊन गेल्या. मिलिंदचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही, आजही नाही. पण त्या घराची पायरी सिस्टर चढल्या, आणि हळूहळू धुळ्याचा मुक्काम वाढत गेला. पुढे माझी बदली नाशिकला झाली, तेव्हा त्यांनी जळगावचं घरच भाड्याने देऊन टाकलं. फोनवर त्या पहिला प्रश्न विचारायच्या तो माझ्या हिमोग्लोबिनबद्दल.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. झोपेतच, असं कुसुममावशींनी कळवलं. आणि पुढे लिहिलं होतं, "डॉक्टरांनी तपासलं." ते दोन शब्द वाचून मी ऑफिसात टेबलावर डोकं टेकून रडले.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या सिस्टर त्याआधीच्या, मी धुळ्याला जाऊन भेटले तेव्हाच्या. खूप वाळल्या होत्या, पाय सुजले होते, स्वतःच स्वतःला दिवसभरात किती पाणी प्यायचं ते मोजून देत होत्या. देवपूर भागातल्या त्या घरात दोघींनी नवीनच मालिका सुरू केली होती, कोरियातली. पहिला सीझन, कोण कोणाचा हेही अजून नीट कळलेलं नव्हतं. तरी त्यातल्या एका तलवारवाल्यावरून वाजलंच होतं. जेवताना सिस्टर मला म्हणाल्या, "हिचं ऐकू नकोस. हिला लवकर सगळे मारून मोकळं व्हायचं असतं." कुसुममावशी माझ्या ताटात कळण्याची दुसरी भाकरी टाकत म्हणाल्या, "आणि हिला एकही मरू द्यायचा नाही. मग गोष्ट पुढे कशी जायची?"

निघताना सिस्टर मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. मी नको म्हणत होते, पण भिंतीला हात लावत लावत आल्याच. ऊन उतरलं होतं. रिक्षा वळून येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला, नखं बघितली, काही बोलल्या नाहीत, म्हणजे ठीक असावीत. मी रिक्षात बसले. त्यांनी निरोपाला हात वर केला, आणि तेवढ्यात घरातून कुसुममावशींची हाक आली, "अक्का, लागलं बघ! तो पडला तुझा!"

सिस्टरांचा वर केलेला हात तसाच राहिला. त्या गर्रकन वळल्या.

"थांबव ते! पुढे नको जाऊ देऊ, मी येस ना!" असं ओरडत, सुजलेल्या पायांनी जितकं भरभर चालता येईल तितक्या भरभर त्या आत गेल्या. माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं. रिक्षावाल्याने विचारलं, "चलायचं ना ताई?" आणि मी म्हटलं, "थांबा जरा." आतून दोघींचा आवाज चढत चालला होता.